माय भाजीचं पाणी फेकत नाही

शेगावला जाणारी एसटी सकाळी आमच्या फाट्यावर थांबते. मी निघालो त्या दिवशी मला पोचवायला गाव लोटलं होतं असं लिहिलं तर ते खोटं होईल. सात-आठ माणसं होती, आणि त्यातली निम्मी त्याच एसटीने बाजाराला नाहीतर दवाखान्यात चालली होती. पण माझी मोठी बॅग पाहून सगळेच जवळ आले.

"काऊन बे सुमेध," आमच्या शेजारचे दादाराव काका म्हणाले, "आफ्रिकेत जाऊन राह्यला म्हंतात तू. काय काम देल्लं तुले?"

"वर्षभर तिथल्या बायाईले परसबाग शिकवाची काका. आन् पौष्टिक सैपाक."

"सैपाक?" काकांनी सगळ्यांकडे पाहिलं. "आरे, तुले चहा तं करता येते का? इतक्या दूर जाऊन बायाईले सैपाक शिकवते म्हने!"

सगळे हसले. मीही हसलो. मायच बोलली. "येते भाऊजी, चहा येते त्याले. तुमाले कधी पाजला नाही म्हनून तुमाले मालूम नाही."

बाबांनी बॅग वर चढवली आणि एवढंच म्हणाले, "शिकला तं आता दुसऱ्याले शिकव." मायने माझ्या हातात पाण्याची बाटली दिली. "गोडं हाय. मुंबईपर्यंत पुरव." एसटी हलली तेव्हा ती पदराने हात पुसत होती. तिचे हात ओले होते की तिला काहीतरी करत राहायचं होतं, ते मला कळलं नाही.

ती बाटली मी मुंबईपर्यंत पुरवली. शेगावहून रात्रभर रेल्वेत जपली. विमानतळावरच्या तपासणीत वर्दीतला माणूस म्हणाला, "पानी फेंक दो." मी कचऱ्याच्या डब्यापाशी गेलो. बाटली उलटी करायला हात होईना. मग तिथेच बाजूला उभा राहून सगळं पाणी प्यालो. तहान नव्हती. मागच्या रांगेतले लोक पाहत होते, पण पाणी फेकणं मला जमलं नाही.

हे पाण्याचं प्रकरण आमच्या खारपाणपट्ट्याबाहेरच्या माणसाला समजावून सांगावं लागतं. आमचं गाव संग्रामपूर तालुक्यात आहे. उत्तरेला सातपुडा दिसतो, पण त्याच्या झऱ्यांचं पाणी काही आमच्या हापशीला येत नाही. हापशीचं पाणी तोंडात घेतलं की जीभ आखडते. त्यात साबणाला फेस येत नाही. तुरीची डाळ त्यात कितीही उकळा, दाणा दाणा वेगळाच राहतो. गोडं पाणी नळाला येतं, पण कोणत्या दिवशी यायचं ते नळच ठरवतो. आलं की माय हातातलं काम टाकून भांडी भरायला धावते. मग त्या पाण्याचा क्रम ठरलेला. आधी पाहुणा, मग लेकरं, मग बाबा, मग डाळ. माय स्वतः हापशीचं प्यायची. कुणी काही म्हटलं तर म्हणायची, "मले सवय हाय. मले तं गोडं पाणी फिक्कं लागते."

ती पालेभाजी गोड्या पाण्यात उकडायची. अंबाडी, पालक, मागच्या अंगणातल्या शेवग्याचा पाला. भाजी पिळून घेतली की खाली हिरवट पाणी उरायचं. ते फेकणं आमच्या घरात कुणाच्या मनातही आलं नाही. माय ते पाणी परातीत ओतून त्यातच ज्वारीचं पीठ मळायची. म्हणून आमच्या भाकरीला एक हिरवी झाक असायची. शाळेत डबा उघडला की पोरं विचारायची, "तुह्या भाकरीले शेवाळ आलं का बे?" मला लाज वाटायची. पुढे अकोल्याला कृषी पदवीला गेल्यावर शिकलो, की भाज्या उकडल्या की त्यातलं बरंचसं सत्त्व पाण्यात उतरतं. माय जे पाण्यासाठी करत होती ते अन्न म्हणूनही बरोबरच होतं. तेव्हा पहिल्यांदा त्या भाकरीचा अभिमान वाटला. आमच्या घरात कॉलेज पाहिलेला मी पहिलाच. कॉलेजने मला दिलेल्या गोष्टींत ही एक मोठी होती, की घरचंच काहीतरी बरोबर निघालं.

समाजकार्याच्या पुढच्या शिक्षणाचं पहिलं वर्ष संपलं आणि एका संस्थेच्या उपक्रमात माझी निवड झाली. शिक्षण एक वर्ष थांबवून मी मलावीला आलो.

इथली माती लाल आहे. काळ्या मातीत वाढलेल्या माझ्या डोळ्यांना ती अजूनही जखमेसारखी दिसते. चपलेला चिकटत नाही, भेगाळत नाही, पाऊस पडला की वाहून जाते. पहिले काही आठवडे मी नुसता गोंधळलेला होतो. माझं इंग्रजी इथल्या लोकांना कळत नव्हतं, त्यांची चिचेवा भाषा मला. आरोग्य केंद्रात काम करणाऱ्या अमायी ग्रेस माझ्यासाठी दुभाषाचं काम करायच्या. अमायी म्हणजे आई. इथे मोठ्या बाईला असंच म्हणतात. शाळेमागच्या आंब्याखाली आमचा वर्ग भरायचा. पोत्यात माती भरून भाजी कशी लावायची, शेणाचं आणि पालापाचोळ्याचं कंपोस्ट कसं करायचं, हे मी दाखवायचो. ते जमायचं. स्वयंपाकाचा वर्ग मात्र माझी परीक्षा असायची. इथलं रोजचं जेवण म्हणजे न्सिमा, पांढऱ्या मक्याच्या पिठाचा घट्ट घाटा, आणि सोबत एखादी पालेभाजी. न्सिमा ढवळायला दंडात जोर लागतो. मी ढवळायला गेलो की गाठी व्हायच्या आणि बाया हसून लोळायच्या. एकदा त्या बराच वेळ काहीतरी बोलत होत्या. मी विचारलं, तर अमायी ग्रेस म्हणाल्या, "त्या म्हणतात, ह्याला बायको कोण देणार?" मला दादाराव काका आठवले. जगात सगळीकडे काका असतात.

एक दिवस भोपळ्याच्या पानांचा वर्ग होता. उकडून झाल्यावर एक बाई ते पाणी सांडायला निघाली. माझ्याकडे सत्त्व वगैरे समजावून सांगायला शब्द नव्हते. मी तिला थांबवलं आणि मायची गोष्ट सांगितली. आमच्याकडे पाणी खारट आहे, गोडं थोडं येतं, माझी माय भाजीचं पाणी फेकत नाही, त्यात पीठ मळते. अमायी ग्रेस सांगत गेल्या आणि बाया ऐकत गेल्या. त्यांना तर पाणी डोक्यावरून आणावं लागतं. मग त्यांनी त्याच पाण्यात न्सिमा केली. ती हिरवट झाली. खाऊन पाहिली, आवडली, आणि तिला नावच पडलं, सुमेधच्या आईची न्सिमा. दुसऱ्या गावात वर्ग घ्यायला गेलो की तिथल्या बाया आधीच विचारायच्या, ती आईची न्सिमा कधी दाखवणार?

मी हे मायला व्हिडिओ कॉलवर दाखवलं. तिने डोक्यावर पदर घेतला, हात जोडले आणि सगळ्या बायांना मिळून एक मोठा "जय भीम" घातला. बायांनी ओंजळीने टाळ्या वाजवल्या, इथे आभार मानायची ती रीत आहे. माझी धाकटी बहीण प्रज्ञा मागून ओरडत होती, "माय, त्याईले दिसून राह्यलं, हास ना!" नंतर प्रज्ञानेच सांगितलं, की मायने गल्लीत कुणाला सोडलं नाही. दादाराव काकांना तर बोलावून सांगितलं, "माह्या हातची भाकर आफ्रिकेत गेली भाऊजी. तुमी तं शेगावच्या पुढं गेले नाही."

त्यानंतर काही महिन्यांनी प्रज्ञाचा फोन आला. मायच्या पायाला सूज होती, जेवण जात नव्हतं. शेगावला दाखवलं, तिथून अकोल्याला पाठवलं. दोन्ही किडन्या खराब झाल्या होत्या. प्रज्ञा हे सांगताना रडली नाही, शाळेत धडा वाचावा तसं एका सुरात सांगत गेली. त्याचीच मला जास्त भीती वाटली.

आमच्या भागात हा आजार नवा नाही. कुणी पाण्याला दोष देतं, कुणी अंगदुखीच्या गोळ्यांना, कुणी फवारणीला. मायला कशामुळे झालं ते डॉक्टरांनी सांगितलं नाही. मला मात्र "मले सवय हाय" एवढंच ऐकू येत राहिलं.

डॉक्टर म्हणाले, रक्तातलं पोटॅशियम वाढलंय. जेवणावर ते आवरता आलं तर डायलिसिस काही काळ लांबवता येईल. बाबांना तो शब्द ओळखीचा वाटला. फोनवर मला म्हणाले, "पोटॅश तं आपण कपाशीले टाकतो. तुह्या मायच्या रक्तात कसं काय गेलं?" नत्र, स्फुरद आणि पालाश, म्हणजे पोटॅश. कॉलेजात ही तीन नावं मी झोपेतही म्हणू शकायचो. यातलं तिसरं मायच्या जिवाशी येऊन थांबेल असं कुठल्याच प्रश्नपत्रिकेत नव्हतं.

घरातल्या सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. फोनवरून जेवढं पाहता येतं तेवढं. "तू तं आहारच शिकवतं ना," बाबा म्हणाले. "सांग मंग, काय द्याचं तिले." मी डॉक्टरांनी दिलेला कागद प्रज्ञाकडून फोटोत मागवला आणि वाचून दाखवला. केळं नको, टोमॅटो नको, नारळपाणी नको, मीठ अगदी कमी. पालेभाजी शक्यतो नको, आणि कुठलीही भाजी बारीक चिरून भरपूर पाण्यात उकडायची, ते पाणी फेकून द्यायचं, मग फोडणी. पोटॅशियम त्या पाण्यात उतरतं. मी इथे आंब्याखाली जे वाचवायला शिकवत होतो, तेच तिथे फेकायचं होतं. मी ते वाक्य जरा लवकर वाचून टाकलं.

माय "हाव, हाव" म्हणत राहिली.

पुढचा रिपोर्ट आला, पोटॅशियम कमी झालं नव्हतं. त्याच्या पुढचाही तसाच. डॉक्टर प्रज्ञाला रागावले. प्रज्ञा माझ्यावर रागावली. "दादा, मी सगळं उकडूनच देऊन राह्यली. तूच सांग काय चुकते."

माझी दुपार म्हणजे घरची संध्याकाळ. एकदा वर्ग संपल्यावर मी आंब्याखालूनच फोन लावला. मायने मोबाइल पिठाच्या डब्याला टेकवून ठेवला आणि बोलता बोलता पीठ मळायला घेतलं. परातीतलं पाणी हिरवट होतं.

"माय, ते पाणी कोणतं हाय?"

"कोणतं?"

"परातीतलं."

तिचा हात थांबला. "शेंगा उकडल्या होत्या गवारीच्या. त्याचं."

"ते फेकाचं हाय ना माय. सांगतलं होतं तुले."

"गोडं पाणी हाय ते, सुमेध. नळ किती दिवसांनं आला मालूम हाय का? आन् मी पेली का ते? पिठात टाकलं."

"पिठात टाकलं म्हंजे पोटातच गेलं ना."

तिने परात जरा बाजूला सरकवली. मग माझ्याकडे, म्हणजे मोबाइलकडे, नीट पाहून म्हणाली, "तूच तं तिकडं त्या बायाईले शिकवतं, पाणी फेकू नोका म्हनून. माह्यं नाव घेऊन शिकवतं. त्याईले एक आन् मले एक?"

त्यांच्या किडन्या चांगल्या आहेत, हे उत्तर माझ्या तोंडात आलं होतं. ते मायला कसं म्हणायचं? आवाज येत नाही असं दाखवून फोन ठेवता आला असता. तेही केलं नाही. ती पीठ मळत राहिली.

मग मी हुशारी करून पाहिली. म्हटलं, हापशीच्या पाण्यात उकडा आणि ते फेका. प्रज्ञाने विचारलं, "मंग मीठ कमी करा म्हंतात त्याचं काय? ते पाणीच खारं हाय, दादा." तिचं बरोबर होतं. मी म्हटलं, तूच उकड आणि मायच्या नकळत पाणी ओतून दे. तिने तसं केलं. मायला ते मोरीत दिसलं. ती चिडली नाही. तिने फक्त भाजी खाणं बंद केलं. "भाजीच नोको मले. नाही उकडली तं फेकाचं कामच नाही." कोरड्या भाकरीला तेल लावून खायची. तेवढंही संपवायची नाही. काही दिवसांनी व्हिडिओवर तिच्या गळ्याची हाडं दिसायला लागली.

मी बाबांना म्हटलं, मी परत येतो. संस्थेला सांगून मधेच निघता येतं.

बाबांनी विचार केला. ते रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी खरोखर माहिती हवी म्हणून विचारलं, "येऊन काय करशीन?"

मी खूप शोधलं. येऊन मी मायच्या हातातून पातेलं घेणार आणि पाणी ओतून देणार. तेच तर प्रज्ञाने केलं होतं. तिच्या हातून जे झालं नाही ते माझ्या हातून कशाने होणार होतं? मागून मायचा आवाज आला, "काऊन येते तो? हातातलं काम अर्धं टाकून येऊ नोको म्हना त्याले." मी राहिलो. ते बरोबर केलं की चूक, मला आजही सांगता येत नाही. तुमच्यापैकी जे दूर गेलेत त्यांना हे ठाऊक असेल. जायला तिकीट लागतं, पण येऊन काय करणार ह्या प्रश्नाला काहीच लागत नाही, तो कुठेही पोचतो.

इथले वर्ग चालूच होते. नव्या गावात बाया वाट पाहत होत्या. अमायी ग्रेस मला म्हणाल्या, "तुझ्या आईची गोष्ट सांग, त्या त्यासाठीच आल्यात." त्यांना मी घरचं काही सांगितलं नव्हतं. पातेल्यात भोपळ्याची पानं उकळत होती. मी सांगितलं, माझी माय भाजीचं पाणी फेकत नाही. आवाज नेहमीसारखाच निघाला. बायांनी पाणी गाळून ठेवलं. ते जपून दुसऱ्या भांड्यात ओतणारे त्यांचे हात पाहताना मला तिथून उठून जावंसं वाटलं. त्यांना सांगितलं ते खोटं नव्हतं. मायला सांगितलं तेही नव्हतं. एकाच तोंडाने दोन्ही खरं बोलायचं, आणि त्यातलं एकही मायच्या उपयोगाला येत नाही.

परवा मायनेच फोन लावला. ती कधी लावत नाही, मिस कॉल देते. मोबाइल हातात घेऊन चालत होती, त्यामुळे आधी जमीन दिसली, मग तिच्या चपला, मग मागच्या अंगणातला शेवगा. मी घरून निघालो तेव्हा तो खारट पाण्याने अर्धा वाळला होता. आता त्याला खालपासून कोवळा पाला फुटला होता.

"पाय इकडं," माय म्हणाली. "भाजी खाऊन राह्यली मी. उकडून. पाणी याले पाजते."

"फेकते ना तू पाणी? पिठात नाही ना?"

"फेकते कायले? पाजते म्हनलं ना. झाडाच्या पोटात जाते ते." ती बुंध्याशी वाकली आणि पातेलं हळूच ओतलं, पाहुण्याच्या हातावर पाणी घालावं तसं. "फेकाले नाही जमलं बापा मले. हे जमलं."

मागून प्रज्ञा ओरडली की ह्या वेळचा रिपोर्ट जरा बरा आलाय. डॉक्टर म्हणाले, डायलिसिस आज नको. कधी, ते त्यांनी सांगितलं नाही. टळलेलं नाही, लांबलंय, हे आम्हा चौघांनाही माहीत आहे. किडन्या काही शेवग्यासारख्या पुन्हा फुटत नाहीत. शेवग्याला मात्र पालाश मिळतोय. गल्लीत तेवढं हिरवं झाड दुसरं नाही. आणि त्याचा पाला मायला चालत नाही. ती तो तोडून शेजारी वाटते. दादाराव काका रोज घेऊन जातात आणि म्हणतात, लयच गोड झाला यंदा.

फोन ठेवायच्या आधी मायने आवाज खाली आणला. अंगणात तिच्याशिवाय कुणीच नव्हतं, तरी. "सुमेध, एक आयक. तिकडच्या तुह्या बायाईले सांगू नोको."

"काय सांगू नोको?"

"मी आता पाणी पिठात टाकत नाही म्हनून. त्याईले वाटन, बाई खोटीच होती."

मी म्हटलं, नाही सांगत.

माझे इथले थोडे महिने उरलेत. मग मी त्याच फाट्यावर उतरेन. दुरून सातपुडा दिसेल, घरात नळाच्या पाण्याने भरलेली भांडी असतील, आणि परातीतली भाकर पांढरी असेल. ते माझंच घर असेल, पण मी सोडून आलो होतो ते नसेल. ते घर मायने मला इकडे सांभाळायला दिलंय. उद्या पुन्हा वर्ग आहे. पानं उकळली की कुणीतरी विचारेल, आणि मी सांगेन, की आमच्या घरी संध्याकाळी माझी माय हिरव्या पाण्यात पीठ मळते. अमायी ग्रेस ते त्यांच्या भाषेत सांगतील. बाया ओंजळीने टाळ्या वाजवतील. तेवढा वेळ माय तिथे परातीपाशी बसलेली असेल, आणि तिला काहीही झालेलं नसेल.